बिनआकड्याची बाटली

"आबा, झाकण उघडलं तुम्ही?"

बाटली नाकाशी धरून सासरे डोळे मिटून बसले होते. तान्ही हरणा माझ्या कडेवर रडत होती, चुलीवर आमटी उतू चालली होती, आणि माझ्या भावानं मस्कतहून लुगड्यात गुंडाळून आणलेल्या व्हिस्कीच्या बाटलीचं सील आबांच्या पायाशी पडलं होतं.

"संध्याकाळी ही आण्णासाहेबांकडं न्यायचीय, माहीत होतं ना?"

आण्णासाहेब दूध संघाचे चेअरमन. माझा नवरा श्रीमंत तिथं रोजंदारीवर कॅन धूत होता. दुष्काळानं गुरं गेली, दूध आटलं. आता कुणाला कायम करायचं आणि कुणाला घरी बसवायचं, ते उद्या ठरणार होतं.

"आकडा न्हाय हिच्यावर," आबा म्हणाले.

"कसला आकडा?"

"वयाचा. दारू किती वरसं मुरली त्याचा. डाक बंगल्यावर म्या आधी साहेबाला आकडा दावायचो, मग बूच काढायचो. रस्त्याच्या कामाच्या एका गुत्तेदारानं अशीच बिनआकड्याची आणली हुती. साहेब त्याच्याम्होरं हसला, न् बाटली डायवरला दिऊन टाकली. श्रीमंतचं तसं हुईल म्हनून चव बघावी म्हनलं."

"तुम्ही जन्मात कधी प्यालात?"

"न्हाय की."

मी कपाळाला हात लावला.

पिराजी खानसामा म्हणून आबांनी उभा जन्म डाक बंगल्यावर साहेबांच्या दोन पावलं मागं राहून दुसऱ्यांच्या ग्लासात ओतलं, स्वतः उष्टा थेंबसुद्धा जिभेला लावला नाही. नोकरी सुटली त्या दिवशी पांढरा कोट ट्रंकेत टाकला आणि सांगितलं, आता कुणाला काय वाढणार न्हाय. तो शब्द त्यांनी असा पाळला, की माठ हाताशी असला तरी पाण्यासाठी मला हाक. पोर अंगावर पीत असली तरी.

"मग चव कळणार कशी तुम्हाला?"

"ग्लास धुतल्यात की. वास वळखतो म्या. जरा गोडं पानी दे."

टँकरचं पाणी मचूळ. गोडं म्हणजे हरणासाठी उकळून ठेवलेलं, तांब्याभर. न्या, तेवढं तरी कशाला ठेवता, असं मनात म्हणत मी तांब्या त्यांच्यापुढं आदळला. आबांनी बोट बुडवून वाटीत ओतलेल्या घोटभर दारूत दोन-चार थेंब सोडले, बाकीचं पाणी माझ्याकडं सरकवलं. मग घोट तोंडात धरून कितीतरी वेळ बसले. आयुष्यभर ज्याचा नुसता वास घेतला, ते आता जिभेवर होतं. मला वाटलं, हसतील, नाही तर थुंकतील. त्यांनी दोन्हीतलं काहीच केलं नाही.

"आधी मध. मग भाजल्या हुरड्यावानी. शेवटाला झोंबती," ते म्हणाले. "कवळी हाय पोरी, पर खोटी न्हाय. शिंगल माल्ट, एकाच भट्टीची. साहेबलोकांत चालल."

"चालली असती. आता उघडी बाटली कोण घेतं, आबा? म्हणतील, उरलेली आणून दिली."

त्यांचा चेहरा पडला. हे खरंच त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. बाटली समोर आली की उघडायची, एवढंच त्यांच्या हातांना ठाऊक. मला ओरडायचं होतं.

श्रीमंत आला. त्यानं सील पाहिलं, बाटली पाहिली, आणि उंबऱ्यावरच बसला.

"ऱ्हाऊ द्या आबा. मी जातच न्हाय."

आबा उठले. ट्रंक ओढली. डांबरगोळ्यांचा वास घरभर झाला.

"उघडी बाटली निऊन द्यायची नसती," कोट झटकत ते म्हणाले. "निऊन वाढायची असती. चल."

"आबा, तुमी कशाला?"

"ग्लास धड असतील का रं त्येंच्याकडं?"

कोट अंगावर लोंबत होता, मधलं बटण गेलं होतं. मी हरणाच्या लंगोटाची पिन काढून आतून लावली. आबा हनुवटी वर करून ताठ उभे राहिले.

"टोचतीय का?"

"न्हाय."

माझा धुवट पंचा त्यांनी घडी घालून हातावर टाकला, त्यावर झाकण घट्ट लावलेली बाटली आडवी धरली आणि निघाले. हरणा खाली ओली, उघडी. तिला घेऊन मी दारात उभी राहिले. श्रीमंत पुढं चालत होता. वळणावर बापाला बरोबर घ्यावं म्हणून तो थांबला.

आबाही थांबले, त्याच्या दोन पावलं मागं.