दारावरच्या गांधीलमाश्या

घड्याळजीच्या पुढच्या दाराच्या चौकटीवर गांधीलमाश्यांनी मुठीएवढं घर केलं, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, आजच्या आज काढून टाका."

"बघतो," घड्याळजी म्हणाला. आणि तो खरोखरच बघत राहिला. दुकानातून आला की खिडकीच्या काचेआडून त्यांचं काम न्याहाळायचा. घरातल्यांची ये-जा मागच्या दाराने सुरू झाली. पुढून येणारा विमावाला फाटकातूनच परत गेला. पण खरा फायदा रविवारी झाला.

दर रविवारी थोरला मेव्हणा यायचा. माणूस वाईट नव्हता, पण तोंडाचा पट्टा एकदा सुटला की थांबत नसे. दुकान कुठे हलवावं, लिंबाचं झाड कुठे छाटावं, घड्याळजीने चष्मा कसा पुसावा, सगळं त्याला ठाऊक होतं. त्या रविवारी तो फाटकाशी आला, वर बघितलं आणि आल्या पावली परतला. घड्याळजीने दुपारभर पाय पसरून झोप काढली.

"भाऊजी, काढलं का ते?" पुढच्या रविवारी फोन आला.

"औषध मागवलंय," घड्याळजी म्हणाला. मागवलं नव्हतं.

बायकोच्या ते लक्षात आलं. तिने दादाला खरं काय ते सांगून टाकलं. मेव्हणा लगेच हजर झाला, तोही हेल्मेट, रेनकोट आणि हातात लांब काठी घेऊन.

"तुम्ही आत बसा, भाऊजी. ही कामं तुमच्या हातची नव्हेत."

घड्याळजी आत बसला. मेव्हण्याने काठी लावली, घर खाली पडलं. सगळं नीट पार पडलं असतं. पण काम कसं करायचं असतं हे समजावून सांगायला मेव्हण्याने हेल्मेटची काच वर केली.

पहिलं वाक्य पुरं झालं नाही. घड्याळजी टॉवेल घेऊन धावला, त्याच्या डोक्यावर टाकला आणि ओढत आत आणला. त्यात त्याच्याही मनगटाला दोन डंख बसले. डॉक्टरांनी दोघांना इंजेक्शन दिलं आणि मेव्हण्याला सूज उतरेपर्यंत बहिणीकडेच राहायला सांगितलं.

मेव्हण्याचे ओठ वांग्यासारखे झाले होते. शब्द फुटेना. समोर बसून तो नुसता बघायचा, आणि घड्याळजीला ते बघणं सोसवेना. आपण वेळेवर काढलं असतं तर, असं मनात यायचं. शेवटी त्याने पत्त्यांचा जोड काढला. दोघं मुकाट्याने खेळू लागले. मेव्हणा हरला की मान हलवायचा, जिंकला की भुवया उडवायचा. इतकी वर्षं आपला मेव्हणा इतका गमत्या आहे याचा घड्याळजीला पत्ताच नव्हता.

सूज उतरली तेव्हा मेव्हणा बहिणीला म्हणाला, "तुझा नवरा पत्ते छान खेळतो गं. मला कुणी सांगितलं नाही कधी."

"तू ऐकलंस कधी?" बहीण म्हणाली.

मेव्हण्याने त्यावर काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं, आणि पत्ते पिसायला घेतले.