आलमुटच्या वाक्याला उत्तर

मी माईक बोलतोय. हसू नका. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकून घेतलं, तेव्हा चार शब्द बोलायचा हक्क मलाही आहे.

बर्लिनमधल्या एका मागच्या अंगणातल्या स्टुडिओत मी उभा असायचो. परदेशी सिनेमे तिथे जर्मन बोलायला शिकतात. एखाद्या नटाला एकदा जो आवाज मिळाला तो शेवटपर्यंत त्याचाच, असा आमच्याकडचा शिरस्ता. फोल्कमार टेशेन असाच एका देखण्या परदेशी नायकाचा आवाज होता. त्याचा स्वतःचा चेहरा टीव्हीच्या एका मालिकेत हवालदार म्हणून यायचा आणि लोक विसरूनही जायचे. बेकरीत मात्र त्याने पाव मागायला तोंड उघडलं की रांगेतल्या बायका वळून बघायच्या आणि त्याचं टक्कल दिसलं की पुन्हा पुढे वळायच्या.

हे सांगताना त्याची बायको आलमुट पोट धरधरून हसायची. त्या नायकाच्या नेहमीच्या नायिकेचा आवाज तिचा. दोघं माझ्यासमोर खांद्याला खांदा लावून उभी राहायची. भुकेल्या पोटाची गुरगुर मला ऐकू जाऊ नये म्हणून फोल्कमार पोटाशी उशी धरायचा. ती मात्र कांदा घातलेला मासळीचा पाव खाऊन यायची आणि सगळा वास माझ्या तोंडावर. तरी तिला मी कधी नावं ठेवली नाहीत.

पुढे एकेकट्याने येऊन बोलायची पद्धत आली. दोघांची वाक्यं संगणक नंतर जोडतो. मला ती पद्धत कधीच आवडली नाही.

पडद्यावरच्या त्या जोडीचा नवा सिनेमा आला तेव्हा आलमुट आजारी होती. इस्पितळात जाण्याआधी तिने आपलं सगळं काम उरकून घेतलं, मधूनमधून खुर्चीत बसत. तिथून ती परत आली नाही.

तिला शेवटचा निरोप देऊन फोल्कमार कामावर आला. समोर प्रसंग भांडणाचा. नायिका म्हणते, ‘जा, पुन्हा तोंड दाखवू नकोस.’ त्यावर नायकाने ओरडायचं, ‘तू मेलीस तरी मला फरक पडणार नाही.’ तिचा आवाज त्याच्या हेडफोनमध्ये होता, मला फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. पडद्यावरचा नायक रागाने लालबुंद व्हायचा आणि आमच्या फोल्कमारचा आवाज दर वेळी मध्येच कापरा व्हायचा.

दिग्दर्शिका झिल्के काचेपलीकडे बसली होती. तिचाही जीव तुटत होता. शेवटी ती म्हणाली, “फोल्कमार, नाही जमत तर राहू दे. पण मग कंपनीवाले दुसऱ्याला आणतील, आणि जोडी जुळावी म्हणून तिचाही आवाज बदलतील.”

“म्हणजे तिचं काम पुसतील?”

“हो.”

त्याने उशी खाली ठेवली. मग तो असा ओरडला की माझं सगळं अंग थरथरलं. इतका खरा राग मी तोवर ऐकला नव्हता. तो कुणावरचा होता, ते मला आजही सांगता येणार नाही.

“झालं,” झिल्के म्हणाली.

“तिचं वाक्य पुन्हा एकदा लाव,” तो म्हणाला. “या वेळी मी उत्तर देणार नाही.”

आणि तो नुसता ऐकत उभा राहिला.

त्यानंतर तो माझ्यासमोर आला नाही. त्याचा नायक आता दुसऱ्याच कुणाच्या आवाजात बोलतो. माझी जाळी पिचली, म्हणून मलाही खोक्यात घातलंय. त्याबद्दल माझी तक्रार नाही, वय झालं की बाजूला व्हायचंच. पण तो सिनेमा अजून टीव्हीवर लागतो म्हणे. कधी तो बघाल आणि त्या वाक्यापाशी कुणी म्हणेल, ‘काय दगडाच्या काळजाचा माणूस!’, तर माझ्यासाठी एवढं करा. त्याला सांगा, त्या माणसाला फरक पडला होता. फार पडला होता.