तारेची हजेरी

सूर्यभानने सतरंजी झटकली आणि तिच्यातली सगळी धूळ मुकादमाच्या धुवट टोपीवर जाऊन बसली. सभेची सुरुवात काही फारशी बरी झाली नाही.

"आरं बाबा, कुनाचं लगीन हाय का काय?" कानिफनाथ मुकादमाने टोपी काढून मांडीवर आपटली. "सतरंजी कशापायी?"

"सभा आहे. वार्षिक."

"कुनाची?"

"अहमदनगर जिल्हा मोटार-वायंडर व वीजतंत्री संघाची," सूर्यभान म्हणाला. हे नाव घेताना त्याचा आवाज आपोआप थोडा वर चढत असे. तो गेली आठ-नऊ वर्षं संघाचा चिटणीस होता आणि घरीदारी थट्टा होऊनही ही सवय गेली नव्हती.

मुकादमाने समोरच्या माळाकडे पाहिलं. पाथर्डीच्या वरच्या अंगाचा तो सगळा माळ खडीच्या ढिगांनी भरला होता. प्रत्येक ढिगामागे डोक्याला फडकं बांधून कुणी ना कुणी हातोडी चालवत बसलेलं. पावसाने सलग दोन वर्षं तोंड फिरवल्यावर गावंच्या गावं दुष्काळी कामावर आली होती, आणि एकदा खडी फोडायला बसल्यावर त्यातला तंत्री कोण आणि नांगऱ्या कोण, हे ओळखायची काही सोय उरली नव्हती.

"भाकरीच्या सुट्टीत काय ते उरका," मुकादम म्हणाला. "शिट्टी झाली की माजी मानसं ढिगावर पायजेत."

ती माझी माणसं आहेत, असं सूर्यभानच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ज्याच्या अंगणात सभा भरवायची त्याच्याशी वाद कुठे घालत बसणार! त्याने मान डोलावली, बाभळीच्या विरविरीत सावलीत सतरंजी अंथरली आणि गोधडीत गुंडाळून आणलेली लाकडी पेटी तिच्या मधोमध ठेवली.

त्या पेटीत मेगर होता. हँडल गरागरा फिरवलं की काटा हलायचा, आणि आतली तार नव्याने गुंडाळून वायंडिंग केलेल्या विहिरीच्या मोटारीतून वीज बाहेरच्या लोखंडात झिरपते की नाही ते कळायचं. वीज मंडळाचा सोडला तर अख्ख्या जिल्ह्यात वायंडर लोकांच्या हाताशी असलेला हा एकच. एकेकट्याच्या ऐपतीबाहेरची वस्तू, म्हणून तर सूर्यभानचे उस्ताद आप्पासाहेब यांनी सगळ्यांना गोळा करून संघ काढला. मग हा मेगर एस. टी.च्या टपावरून जिल्हाभर हिंडायचा. आज संगमनेर, परवा शेवगाव. तो कुणाकडे किती दिवस राहायचा यावरून सभांमध्ये अशी काही भांडणं जुंपायची, की भेळ तशीच मऊ पडायची. आता आप्पासाहेब गेले होते, अध्यक्षाची जागा रिकामीच होती, भांडणं संपली होती, आणि सूर्यभानला ती भांडणंच आठवत असत.

दुष्काळाच्या पहिल्या वर्षी विहिरी आटायला लागल्या, तशा कोरड्या फिरून मोटारी धडाधड जळाल्या. वायंडर लोकांना जेवायला फुरसत नव्हती. दुसऱ्या वर्षी जळायलासुद्धा मोटार उरली नाही. विहिरीत पाणी नाही तर मोटार चालवतो कोण? दुकानांच्या फळ्या पडल्या. कुणी ऊसतोडीला गेलं, कुणी नागापूरच्या नव्या कारखान्यांच्या दारात उभं राहून परत आलं, आणि बाकीचे इथे आले. नगरमध्ये सूर्यभानने दोनदा वार्षिक सभा बोलावली. पहिल्या वेळी तिघे आले. दुसऱ्या वेळी तो स्वतः आणि हॉलला कुलूप लावायला आलेला शिपाई. संघांची नोंदणी ठेवणाऱ्या कचेरीतले साहेब माणूस म्हणून भले, त्यांनी चहाही पाजला; पण या महिन्यात रीतसर सभा झाली नाही तर संघ मोडला असं धरू आणि संघाची वस्तू सरकारजमा होईल, असं त्यांनी कप खाली ठेवता ठेवता सांगून टाकलं.

तेव्हापासून सूर्यभानच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. कधी ना कधी पाऊस पडणार. विहिरींना पाणी येणार. आणि गोठ्याच्या कोपऱ्यात ओल खात पडलेल्या शेकडो मोटारी लोक एकाच आठवड्यात सुरू करणार, चिखलात अनवाणी उभे राहून. त्या आठवड्यात मेगर सरकारी कपाटात असला, तर मोटारीच्या लोखंडात वीज उतरलीय का ते बघायला माणसाचा हात तेवढा उरणार होता. या विचाराने त्याला झोप लागत नसे. तो बोलून दाखवला की त्याची बायको मनकर्णा म्हणायची, "अहो, आधी पाऊस तर पडू द्या."

कोरमला अकरा माणसं लागत. कोरम भरला नाही तर अर्ध्या तासाने बिनकोरमाची सभा घ्यायची, ही पळवाट इतर संस्थांच्या घटनेत असते. आप्पासाहेबांनी ती मुद्दाम ठेवली नव्हती. बिनकोरमाची सभा म्हणजे बिनतपासणीची मोटार, असं ते म्हणायचे. आणि या एका कामावर संघाचे दहा सभासद होते. सूर्यभान धरून अकरा. माणसं सभेला येत नाहीत तर सभाच माणसांकडे न्यावी, हे त्याला सुचलं तेव्हा तो दुकानात एकटाच हसला होता.

सुट्टीची शिट्टी झाली. भाकरीची फडकी घेऊन एकेक जण बाभळीखाली आला. तिसगावचा आसाराम, तोंडाने सैल. मिरीचा छगन, पूर्वीपेक्षा निम्मा झालेला. सूर्यभान प्रत्येकाचा हात हातात घेत होता आणि प्रत्येक हात त्याला अनोळखी लागत होता. सगळ्यांच्या बोटांत सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या चकत्या होत्या. खडी पकडताना हातोडीचा घाव बोटावर बसू नये म्हणून.

"अध्यक्ष कुटं हायेत?" आसारामने पेटीकडे बघत विचारलं. "ह्यो बसलाय व्हय अध्यक्ष म्हून? बरं हाय, ह्यो भाषान तरी करनार न्हाई."

सगळे हसले. छगनने पेटी उघडली आणि काचेवरची धूळ धोतराच्या सोग्याने हळूच पुसली.

सगळ्यांत शेवटी भीमा आला. मागे त्याची बायको बनुबाई, त्याच्यापुढे भाकरी ठेवून ती लांब जाऊन बसली. भीमा आणि सूर्यभान आप्पासाहेबांच्या हाताखाली बरोबर शिकलेले. सूर्यभान बोलण्यात पुढे गेला, भीमा बोटांत. तार नुसती चिमटीत धरून तो तिचा गेज, म्हणजे जाडीचा आकडा, सांगायचा, आणि आप्पासाहेब मापून बघायचे तर तोच निघायचा. त्याने वायंडिंग केलेली मोटार परत आली असं कुणी ऐकलं नव्हतं.

"आलास?" सूर्यभान म्हणाला.

"तू यवढ्या लांब आलास, मंग मी ढिगापास्नं बाभळीपतुर बी यिऊ नये व्हय?"

सूर्यभानने पिशवीतून तारेचा तुकडा काढला आणि सगळे नीट सावरून बसले. संघाची हजेरी तारेवर व्हायची. सही काय, कुणीही ठोकतं. बोटं आली आहेत का ते बघू, म्हणून आप्पासाहेबांनीच ही रीत घातली होती. इनॅमलचा लेप असलेल्या तांब्याच्या तारेवर एका जागी ब्लेडने बारीक चरा मारायचा. वायंडिंग करताना चऱ्याची तार आत गेली तर मोटार आज ना उद्या जळणार, म्हणून वायंडर तार सोडता सोडता डाव्या हाताच्या चिमटीतून ती चाचपत असतो. चरा लागला की बोटं आपण होऊन थांबतात. सभेत प्रत्येकाने डोळे मिटून तशीच तार फिरवायची, चरा सापडला की जागा न सांगता नुसतं "हजर" म्हणायचं आणि तार पुढे द्यायची.

आसारामने ट्यूबच्या चकत्या काढल्या, डोळे मिटले, तार चिमटीतून ओढली.

"हजर," तो म्हणाला. "जागच्या जागी हाय."

तार पुढे गेली. छगनने ती दोनदा फिरवली. तिसऱ्यांदा फिरवायला सुरुवात केली, मग आजूबाजूला पाहिलं आणि थांबला.

"हजर."

तार हातातून हातात जात राहिली. हजर. हजर. सूर्यभानला भरून आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला वाटलं की आपण उगाच धडपडलो नाही, संघ अजून आहे, बाभळीखाली का होईना, आहे. लांबून बनुबाईही कौतुकाने बघत होती.

भीमाने मात्र वेळ घेतला. त्याने अंगठा धोतराला घासला, तार या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली, परत आणली. कपाळावर आठ्या आल्या. बाकीचे आपापल्या भाकरीकडे बघू लागले.

"चिटनीस," डोळे न उघडताच तो म्हणाला, "औंदा चरा लई बारीक मारला बरं का."

"दरवर्षीसारखाच आहे."

"व्हय का?" भीमाने डोळे उघडले. "आसंल. हजर."

शेवटची पाळी चिटणिसाची. सूर्यभानने डोळे मिटून तार चिमटीतून ओढली. ती तेल लावल्यासारखी सरळ निघून गेली. त्याने पुन्हा ओढली. खडी न फोडताच आपली बोटं गेली की काय? त्याने डोळे उघडून तार उन्हात धरली, आणि सकाळ त्याला लख्ख आठवली. बाकावर त्याने तुकडा कापला, ब्लेड हातात घेतलं, तेवढ्यात मनकर्णा दारातून ओरडली होती, "अहो, पाथर्डीची गाडी लागली!" मेगर गोधडीत गुंडाळायचा होता, सतरंजी घ्यायची होती. तार पिशवीत टाकून तो धावला होता. ब्लेड बाकावरच राहिलं होतं.

तारेवर चरा नव्हताच.

त्याने वर पाहिलं. एक जण पाणी पीत होता. आसाराम, तोंडाने इतका सैल माणूस, पेटीच्या कडीशी चाळा करत बसला होता. कुणीही कुणाकडे बघत नव्हतं. दहाच्या दहा माणसांना वाटत होतं की आपल्या एकट्याचीच बोटं गेलीत, बाकीच्यांना चरा लागला. सूर्यभानला मोठ्याने रडावंसं वाटलं. खरं सांगावं तर सगळे एकमेकांसमोर उघडे पडणार; न सांगावं तर ही हजेरी म्हणजे शुद्ध खोटी. आप्पासाहेब असते तर त्यांनी सभा तिथेच मोडली असती. पण चिखलात अनवाणी उभ्या राहणाऱ्या माणसांचं काय करायचं, ते आप्पासाहेब सांगायला येणार नव्हते.

"हजर," तो म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला, "अकरा. कोरम भरला."

पुढची सभा झटपट झाली. संघ चालू ठेवायचा, मंजूर. मेगर संघाकडेच राहणार, मंजूर. अध्यक्ष म्हणून भीमाचं नाव आसारामने सुचवलं. भीमा "माजं नगं" म्हणेपर्यंत सगळ्यांनी हात वर केले. काळवंडलेल्या, घट्टे पडलेल्या त्या हातांकडे सूर्यभानला नीट बघवेना. तेवढ्यात शिट्टी झाली आणि चकत्या पुन्हा बोटांत चढवत माणसं ढिगांकडे निघाली.

भीमा मागे राहिला. सूर्यभानबरोबर त्याने सतरंजीची घडी घातली, मेगर गोधडीत बांधायला हात लावला, आणि मग म्हणाला, "ती तार ठिवून जा माज्यापाशी."

"कशाला?"

भीमाने बनुबाईकडे पाहिलं. ती ढिगापाशी पोचली होती.

"मगाशी मी हजर म्हनलो," तो हळू आवाजात म्हणाला. "समद्यांम्होरं कसं म्हनू न्हाई म्हून? आता तर अध्यक्ष करून ठिवलंत. पानी पडलं की लोक मोटारी घिऊन दारात येतील, सूर्यभान. तवर बोटं माघारी आनायला हवीत. चरा घावंस्तवर रोज फिरवीत जातो."

भीमा, तार कोरी आहे. एवढंच वाक्य होतं. सूर्यभानच्या जिभेवर आलं आणि तिथेच बसलं. ते एकदा बोललं की त्याच्यामागून दहा हजेऱ्या आणि स्वतःची अकरावी, सगळ्या बाहेर येणार होत्या.

"थांब, सरळ करून देतो," तो म्हणाला आणि पाठ फिरवून पेटीआड उकिडवा बसला. पायाशी खडीची एक कपची पडली होती, धारेची. त्याने ती तारेवर टेकवून ओढली. बारीक चरा उमटला, आप्पासाहेबांना आवडला असता असा. सूर्यभान क्षणभर थांबला. मग त्याच जागी त्याने कपची पुन्हा दाबून फिरवली, आतलं तांबं लालभडक दिसेपर्यंत.

"घे."

भीमाने चकत्या काढून खिशात घातल्या, डोळे मिटले आणि तिथेच उभ्या उभ्या तार चिमटीतून ओढायला सुरुवात केली. सूर्यभानला चऱ्याची जागा दिसत होती, उन्हात चमकत होती. बोटं तिच्याकडे सरकत गेली. जागेवर आली. जागेवरून पुढे गेली आणि टोकापर्यंत जाऊन सुटली.

"अवं, मुकादम बघतोय," बनुबाईने हातोडी पुढे धरून लांबून हाक मारली.

भीमाने तिला हातानेच थांब म्हटलं, तार उलटी धरली आणि या टोकाकडून पुन्हा सुरुवात केली.