सार्जंट न्थेंगेंचे खड्डे

सार्जंट न्थेंगे उभं आयुष्य पलटणीत काढून माचाकोसच्या डोंगरावर घरी परतले, तेव्हा गावाला वाटलं, आता लढाईच्या गोष्टी ऐकायला मिळणार. मधाची दारू घेऊन माणसं अंगणात जमली. बायको स्योकाऊही कान टवकारून बसली. नवरा इतकी वर्षं नेमकं काय करत होता, हे तिलाही धड ठाऊक नव्हतं.

"लढाई कसली?" सार्जंट म्हणाले. "मी छावण्यांचे संडास खणून घ्यायचो."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं स्योकाऊला झालं.

दुसऱ्याच पहाटे शिट्टी वाजली. सार्जंट दारोदार दोरी लावून खड्डे आखत होते. शिव्या खात, शिव्या देत त्यांनी घरटी एक संडास खणवला. अडला तो शेजारचा मुल्वा.

"माझा बाप झाडीत गेला, आजा झाडीत गेला. कुणाचं काय अडलं?"

"म्हणूनच तुझ्या झाडीत शेळीसुद्धा तोंड घालत नाही!"

पुढं दुष्काळ पडला, नदीची डबकी झाली आणि पटकी आली. पलीकडच्या डोंगरावर रोज मयत निघू लागली. अलीकडं आडवा झाला एकटा मुल्वा. वाचला, पण सुकट होऊन. उठता आलं तसा कुदळ घेऊन सार्जंटच्या दारातल्या विहिरीपाशी हजर.

"आखा," म्हणाला.

"आधी विहिरीपासून लांब हो, गाढवा," सार्जंट म्हणाले, आणि दोरी घेऊन निघाले.

पुतणीच्या लग्नात बकऱ्याची बरगडी चोखता चोखता सार्जंट गेले. मयतीला पलटणीचे एक साहेब झेंडा घेऊन आले. शौर्य, त्याग, देश असं लांबलचक बोलले. उन्हात स्योकाऊला पेंग यायला लागली. तेवढ्यात मुल्वा उठला.

"साहेब, शौर्याचं आम्हाला ठाऊक नाही. पण या माणसानं अख्ख्या डोंगराला नीट बसायला शिकवलं."

पाद्रीबाबांचे खांदे हलू लागले. स्योकाऊनं घाईघाईनं पदर तोंडावर ओढला. साहेबांना वाटलं, बाई रडतेय.

तेव्हापासून डोंगरावर परसाकडे निघालेला माणूस म्हणतो, "सार्जंटला सलाम ठोकून येतो."

धाकट्या जावेला ते फार झोंबलं. "वहिनी, मेलेल्या माणसाची काय ही थट्टा! तुम्ही गप्प कशा बसता?"

"अगं, रोज सकाळी अख्खं गाव ज्याचं नाव घेतं, असा नवरा किती जणींना मिळतो?" स्योकाऊनं पाण्याचा डबा उचलला. "सरक बाजूला, मला घाई आहे."