पुलाच्या काचेवरचा एक ओरखडा

मी एक जुनी काच आहे. कपाटाची नव्हे आणि आरशाचीही नव्हे. वाळवंटातल्या एका खोल दरीवर पूल आहे, त्याच्या फरशीची मी काच. मित्रांनो, माझ्याकडून गोड गोड ऐकायला मिळेल अशी आशा धरू नका. जिने चौदा वर्षे माणसांना खालून पाहिले, तिच्या तोंडी साखर कुठून येणार?

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यातला. वाळू वितळवून मला घडवले, पुन्हा तापवले, एकदम गार केले आणि तपासायला माझ्यावर लोखंडी गोळे टाकले. मी फुटले नाही याचा तेव्हा मला कोण गर्व! मग जहाज, मग मालगाडी, मग धुळीचा रस्ता, असे करत मी अमेरिकेतल्या हुआलपाय आदिवासींच्या मुलखात आले. पुलाच्या फरशीत काचेचे बरेच थर होते. मला सगळ्यांच्या वर बसवले. वर आकाश आणि खाली इतकी खोल दरी, की तळाची मोठी नदीसुद्धा दोऱ्याएवढी दिसे. आपल्यासारखे भाग्य कोणाचे नाही, असे मला वाटले.

ते भाग्य पहिल्या बसबरोबरच उतरले.

माझ्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून प्रत्येकाने बुटांवर कापडी पिशव्या चढवायच्या, असा नियम होता. त्या पिशव्या दिवसभर ह्याच्या पायातून त्याच्या पायात जात. दुपारपर्यंत त्यांना जो वास येई, तो मला नाक नसूनही यायचा. कोणी च्युइंगम चिकटवी. कोणी पालथे पडून मला ओठ लावी आणि थुंकीचा गोल ठेवून जाई. एका बाईने आपल्या बाळाचे लंगोट माझ्यावरच बदलले. भीतीने पोटातले वर आलेले तर किती, त्याची गणतीच नको. सगळ्यांत किळस यायची ती दरीकडे न बघणाऱ्यांची. एवढा रस्ता तुडवून यायचे आणि माझ्यात स्वतःचेच प्रतिबिंब बघून केस सारखे करायचे! शी.

तरी मी टिकले, कारण मला पुसणारा माणूस चांगला होता. त्याचे नाव मी सांगणार नाही. तो आता नाही, आणि गेलेल्याचे नाव इथे घेत नाहीत. हाक ऐकली की तो वाटेतून मागे वळतो म्हणतात.

तो रोज पाहुण्यांच्या पहिल्या बसच्या आधी येई. पायरीवर बसून गुडघ्यांना रबरी जाड गाद्या बांधी. बांधण्याआधी त्या उलट्या करी आणि खिशातल्या चाकूने रबरात रुतलेले वाळूचे खडे एकेक टोकरून काढी. मग बूट काढून, गुडघे टेकून, व्हिनेगरच्या पाण्याने मला पुशी. "काय गं, आज कोणी काय सांडलं तुझ्यावर?" असे विचारी आणि स्वतःच हसे. चौदापैकी बारा वर्षे मी त्याच्या हाताखाली काढली. माणसांतला एवढा एकच मला कधी घाण वाटला नाही.

एका थंडीत, कामावर येताना कामगारांच्या बसमध्येच तो गेला.

या लोकांत माणूस गेला की त्याचे सगळे जाळतात. कपडे, टोपी, पांघरूण, खोगीर, सगळे. वस्तू मागे राहिली तर तिच्यात त्याचा जीव अडकतो आणि त्याला पुढे जाता येत नाही. त्याचेही सगळे जाळले, तो खिशातला चाकूसुद्धा आगीत टाकला. त्याच्या जागी त्याची बायको कामाला लागली. तिचे नाव डेल्फीना.

पहिल्या दिवशी ती आली, इकडेतिकडे पाहिले आणि पिशवीच्या तळातून त्याच्या गुडघ्याच्या गाद्या काढल्या. मी ओळखल्या. त्या राख व्हायला हव्या होत्या. तिने त्या बांधल्या आणि माझ्यावर गुडघे टेकले. कोणाशी तरी बोलल्यासारखी ती हळू आवाजात म्हणाली, "सगळं दिलं. एवढंच राहू दे माझ्यापाशी."

मला बरे वाटले. खोटे कशाला बोलू?

दोन वर्षे कोणाला कळले नाही. दारावर कापडी पिशव्या वाटायला मार्लन नावाचा तिचा चुलतदीर होता. पक्का तोंडाळ. "साहेब, पिशव्या पायात घालायच्या, डोक्यात नाही," असे पाहुण्यांना सांगे आणि तिला चिडवी, "वहिनी, एवढं नका घासू. काच झिजली तर आपण सगळे नदीत." ती म्हणे, "तू आधी पड, मग बघू." पण गाद्या तिने त्यालाही दिसू दिल्या नाहीत. बसचा आवाज आला की त्या पिशवीच्या तळाला जात.

एका वाऱ्याच्या सकाळी ती घाईत होती. पायरीवर वाळू साचली होती, तिथेच टेकून तिने गाद्या बांधल्या. खडे काढायचे असतात हे तिला ठाऊकच नव्हते. नवरा ते पुलावर करायचा, घरी नाही. ती माझ्यावर गुडघा ओढत पुढे सरकली आणि मला आरपार कळ गेली.

हातभर लांब ओरखडा. तिने त्यावरून बोट फिरवले, गादी सोडून उलटी केली आणि झिजलेल्या रबरात रुतलेला गारगोटीचा खडा पाहिला. तेवढ्यात बस आली.

त्या बसमधून एक लालबुंद मानेचा माणूस उतरला. तो माझ्या मधोमध उभा राहून चक्क थुंकला. थुंकी खाली का पडत नाही, हे बायकोला दाखवायला! वर ती पायाने पसरवली. मग खिशातल्या किल्ल्या काढून गुडघ्यावर बसला आणि मला ठकठक करून बघू लागला. चौदा वर्षांत इतका घाणेरडा माणूस मी पाहिला नव्हता.

पहारेकऱ्याने त्याला किल्ल्यांसकट धरले. मग पुलाचा व्यवस्थापक केस्लर धावत आला. हा शहरातून नेमून पाठवलेला. त्याने ओरखडा पाहिला, किल्ल्या पाहिल्या आणि हिशेब जुळवून टाकला.

"पोलिसांना बोलवा," तो म्हणाला. "मुद्दाम केलेली नासधूस आहे ही."

"मी नुसतं वाजवून पाहिलं हो," तो माणूस म्हणाला. त्याची बायको रडायला लागली. "साहेब, थुंकलो ते खरं. ओरखडा माझा नाही."

मित्रांनो, खरे काय ते मला माहीत होते. तरी मला वाटत होते, न्या त्याला. घाला गाडीत. जो माझ्यावर थुंकतो, त्याच्या बोकांडी काहीही बसो. डेल्फीना कोपऱ्यात फडके धरून उभी होती. मी मनात म्हणत होते, गप्प राहा बाई. ती बोलली असती तर काम गेले असते, आणि काम ही लहान गोष्ट. सगळ्या गावाला कळले असते की हिने गेलेल्या नवऱ्याची वस्तू दडवली, त्याला दोन वर्षे वाटेत उभे करून ठेवले. ह्याहून मोठी लाज तिच्या गावात नाही.

पहारेकऱ्याने त्या माणसाचा दंड धरला. डेल्फीना पुढे आली.

"सोडा त्याला," ती म्हणाली. "थुंकी त्याची आहे. ओरखडा माझा आहे."

तिने पिशवी उघडून गाद्या सर्वांसमोर खाली ठेवल्या. मार्लनच्या हातातल्या कापडी पिशव्या तिथेच गळल्या. त्याने गाद्या ओळखल्या होत्या.

"वहिनी," एवढेच तो म्हणाला.

तो लाल मानेचा माणूस आभार न मानता निघून गेला. त्याची मला किळस आली, ती आजही येते. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला माझीही आली. मी आरपार दिसते म्हणून स्वतःला स्वच्छ समजत होते. माझ्यापेक्षा ते थुंकी पुसायचे फडके बरे.

केस्लरने डेल्फीनाला पुलावरून काढून बसथांब्याचा केर काढायला लावले. गावात तिच्याशी कोणी भांडले नाही, नुसते बोलेनासे झाले. पंधरा दिवसांनी नवऱ्याची म्हातारी आत्या, ऑर्लीन, स्वतः तिच्या घरी गेली. डेल्फीनाने गाद्या तिच्या हाती दिल्या. एका पहाटे गाणी म्हणून त्या जाळल्या. हे सगळे मी मार्लनच्या तोंडून ऐकले. आता सुटला बिचारा, असे मलाही वाटले.

इकडे मला पुलावरून काढले. ओरखडे पडलेली काच भंगारात जाते. केस्लरला मात्र नवी युक्ती सुचली. त्याने मला खेळणी-टोप्यांच्या दुकानासमोर जमिनीवर बसवले आणि वर पाटी लावली: 'खऱ्या पुलाची खरी काच. उभे राहा, फोटो काढा.'

इथे कापडी पिशव्या नाहीत. लोक चिखलाच्या बुटांनी चढतात, उड्या मारतात, आइस्क्रीम सांडतात. खाली दरी नाही, सिमेंट आहे. "हा बघ ओरखडा, कोणीतरी घाबरून नखं मारली असणार," असे म्हणत लोक त्यावर बूट ठेवून फोटो काढतात. मला पुसणाऱ्याच्या गादीच्या ओरखड्यावर. पुलावरचे थुंकणारे परवडले म्हणायची वेळ आली.

परवा ऑर्लीन आत्या बसने आली. डेल्फीना थांब्यावर झाडत होती, तिने म्हातारीला हात धरून आणले. आत्या माझ्यापाशी काठी टेकून वाकली आणि ओरखडा बघत राहिली.

"हा त्याच्या गादीचा ना?"

"हो, आत्या."

"मग हाही त्याचाच. पोरी, एवढं मागे ठेवून कसा जाईल तो?"

"काच जळत नाही, आत्या."

"फुटते," आत्या म्हणाली.

डेल्फीना तशीच दुकानाच्या दारातल्या केस्लरकडे गेली. काच मागितली. तो म्हणाला, "अहो बाई, ती पुलाची मालमत्ता आहे. लोक रांगा लावतात तिच्यासाठी. एका ओरखड्याचं काय घेऊन बसलात?"

"तुम्ही नका देऊ," ती शांतपणे म्हणाली. "मी उद्या सकाळी येऊन फोडणार आहे. पोलीस बोलवायचे तर आजच सांगून ठेवा, त्यांना लांबून यावं लागतं."

आज ती सकाळ आहे. मार्लनने खांद्यावर घण आणला आहे. "वहिनी, तुम्ही बसा, मी हाणतो," असे त्याने दोनदा म्हणून पाहिले. तिने घण त्याच्या हातून काढून घेतला आणि बाजूला ठेवला. केस्लर दुकानाच्या दारात उभा आहे. पोलीस त्याने बोलावले की नाही, मला माहीत नाही. त्याच्या शेजारी आत्या काठी आडवी धरून बसली आहे, आणि तिला ओलांडून यायचे धाडस अजून कोणी केलेले नाही.

डेल्फीनाने बूट काढले. उघडे गुडघे माझ्यावर टेकले. बरोबर व्हिनेगरचे पाणी आणले आहे. तिने आइस्क्रीम पुसले, चिखल पुसला, बुटांचे ठसे पुसले आणि शेवटी ओरखड्याच्या खाचेतली धूळ फडक्याचे टोक घालून काढली. कालपर्यंतची सगळी घाण गेली. आता ती उठते आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, फेकू नका, फोडू नका. मी उलटे मागते आहे. ज्याने मला जपले, त्याला माझ्यामुळे वाटेत थांबावे लागू नये. म्हणून तिला कोणी अडवू नका. फोटो काढू नका. तुकडा उचलून खिशात घालू नका.

आणि आता मागे सरका. डोळे सांभाळा.