बावीस सेकंदांची शिट्टी

कानवाल्यांना आयुष्यात मोठ्याने मांडावं असं एकच मत होतं: तोफेचा आवाज लोकांनी उगाच डोक्यावर घेतला आहे. बाकी बाबतींत त्यांची मतं बायकोच्या मतांना धरून असत. जी नसत ती ते पुस्तकांच्या समासात पेन्सिलीने लिहीत, म्हणजे वेळ आली तर खोडता येतील.

तोफ म्हणजे तो हार्ड रॉक गाणारा. त्याचं खरं नाव त्याच्या भक्तांनाही जरा आठवावं लागे. चाळीस वर्षं तो लांब केस, चामड्याची पँट आणि एक आरोळी एवढ्या भांडवलावर तगून होता. गाण्याच्या शेवटी सगळी वाद्यं थांबत आणि तोफ एकच उंच सूर बावीस सेकंद धरून ठेवी. पुढे केस गेले, पँटची कंबर तीनदा उसवून वाढवली, पण आरोळी बावीस सेकंदांचीच राहिली. ‘शतकातला आवाज’ असं मासिकांनी छापलं होतं. कानवाले म्हणत, “कुठल्या शतकातला ते विचारा.” या वाक्याला तीस वर्षांत कुणी हसलं नव्हतं, तरी ते म्हणत.

ऐकवायचं कुणाला, तर दादांना. दादा म्हणजे बायकोचे थोरले भाऊ, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. मुलांना शांत बसायला सांगण्यात त्यांची नोकरी गेली आणि सुट्ट्या तोफेच्या कार्यक्रमांत गेल्या. अकरा कार्यक्रम त्यांनी स्टेजशेजारच्या स्पीकरला पाठ लावून ऐकले होते. तिथे आवाज नुसता ऐकू येत नाही, बरगड्यांतून जातो, असं ते सांगत.

लग्न झालं त्या वर्षी दादा नव्या जावईबापूंनाही अशाच एका कार्यक्रमाला घेऊन गेले होते. जावईबापूंचा, म्हणजे कानवाल्यांचा, धंदा कमी ऐकू येणाऱ्यांना कानाची यंत्रं बसवण्याचा, त्यामुळे सावधपणा अंगात मुरलेला. त्यांनी दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबले आणि वर मफलर गुंडाळला. आवाजात काही दम नाही हे त्यांचं मत त्या दिवशी बनलं. कापसाचं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. कापसातून ऐकल्यावर कुठल्या आवाजात दम वाटला असता, हा प्रश्न त्यांना अधूनमधून पडे. पण मत तोवर जुनं झालं होतं, आणि जुनी वस्तू टाकून देणं त्यांच्या जिवावर येई.

अलीकडे पाच-सहा वर्षं दादा वाद घालेनासे झाले होते. कानवाले मुद्दे मांडत, दादा हसून मान हलवत. कानवाल्यांना वाटलं, अखेर पटायला लागलं. हुरूप येऊन त्यांनी दोन नवे मुद्दे तयार केले. आणि मग एका सोमवारी सकाळी दादा दुकानात आले.

अंगात तोफेचा काळा टी-शर्ट होता. छातीवरची तोफ मूळची निमुळती असावी. आता पोटावर ताणून तिचं पिंप झालं होतं.

“शनिवारी त्याचा निरोपाचा कार्यक्रम आहे,” दादा नको इतक्या मोठ्याने म्हणाले.

“तिसरा निरोप ना?” काउंटर सांभाळणारी त्यांची बहीण, म्हणजे कानवाल्यांची बायको, म्हणाली.

“काय?”

“काही नाही. बस.”

“कानवाले, मला बसवा काय ते यंत्र. शेवटची आरोळी ऐकायची आहे. नीट.”

बंद खोलीत बसवून कानवाल्यांनी तपासणी केली. कानाचा आलेख कागदावर आला आणि त्यांनी चष्मा पुसून तो पुन्हा पाहिला. खालचे सूर ठीक होते. वरचे जिथे सुरू होतात तिथून रेघ कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली गेली होती. म्हणजे पाच-सहा वर्षं दादांना त्यांचा एकही मुद्दा ऐकू आला नव्हता. ती मान नुसत्या सभ्यपणाने हलत होती. कानवाल्यांना त्या दोन नव्या मुद्द्यांचं विशेष वाईट वाटलं.

यंत्रं बसली. दादा दचकले. “हे टकटक काय?”

“भिंतीवरचं घड्याळ.”

“आणि ही कोण किरकिर करतंय?”

“मी बोलतेय, दादा,” बहीण म्हणाली.

“अरे देवा. तुझा आवाज लहानपणी होता तसाच आहे की!”

बुधवारी दादा परत आले. चेहरा उतरलेला, हातात जुना कॅसेट प्लेअर.

“यंत्र बिघडलंय. तोफ मध्येच बंद पडते.”

“लावा बघू.”

गाणं सुरू झालं. शेवट आला, वाद्यं थांबली, आरोळी उठली. एक सेकंद, दोन, तीन. काचेच्या कपाटातली नमुन्याची यंत्रं थरथरायला लागली. पण दादा शून्यात बघत होते.

“गेला,” ते म्हणाले. “बघा. गेला.”

आरोळी दुकानभर चालूच होती. कानवाल्यांना उलगडा व्हायला बावीस सेकंदही लागले नाहीत. कानात यंत्र सैल बसलं की ते स्वतःच शिट्टी मारतं. म्हणून त्याला शिकवलेलं असतं, की एकच बारीक सूर न हलता चालू राहिला तर ती शिट्टी समजायची आणि गिळून टाकायची. यंत्राने तोफेची आरोळी ऐकली होती, नीट विचार केला होता आणि गिळली होती.

कानवाले हसले. आधी मिशीत, मग खांदे हलवत, मग खुर्चीचा हात धरून. बायकोने बॅटऱ्यांची पाकिटं रचता रचता मान वर केली. तिने त्यांना इतकं हसताना लग्नाच्या फोटोतही पाहिलं नव्हतं.

“यंत्र उत्तम चाललंय, दादा. त्याच्या मते ही शिट्टी आहे. नको असलेला आवाज.”

“नको असलेला?”

“मी म्हणतो तेव्हा तुम्हाला पटत नाही. आता यंत्रच म्हणतंय. त्याला ना मासिकं वाचता येतात, ना टी-शर्ट घालता येतो. अगदी निःपक्षपाती.” तीस वर्षांत इतकं चांगलं वाक्य त्यांना पहिल्यांदाच सुचलं होतं, आणि तेही आयत्या वेळी.

दादांनी एक यंत्र कानातून काढलं, मग दुसरं, आणि दोन्ही डबीत ठेवली. घड्याळाची टकटक आता तिघांपैकी दोघांनाच ऐकू येत होती.

“अकरा वेळा उभा राहिलो त्या स्पीकरपाशी,” ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान होता. “डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, कान जातील. मी म्हटलं, जाऊ देत, अशासाठी गेले तर हरकत नाही.” त्यांनी खिशातून शनिवारची दोन तिकिटं काढून काउंटरवर ठेवली. “शिट्टीसाठी गेले म्हणायचे. नातवंडं काय म्हणतात तेही कळत नाही मला, कानवाले. शिट्टीसाठी.”

आणि कॅसेट प्लेअर काखेत मारून ते निघून गेले.

बायकोने तिकिटं उलटसुलट करून पाहिली. “अहो, त्या व्हायोलिनवाल्या बाईंना तुम्ही काहीतरी बदलून दिलं होतंत ना? त्यांचेही सूर गायब व्हायचे.”

“हं.”

“काय होतं ते?”

“संगीतासाठीची वेगळी सोय. कॉम्प्युटरवर एक खूण करायची.”

“एकच खूण?”

“एकच.”

“आणि दादाला सांगायला विसरलात.”

कानवाले चष्मा पुसू लागले. तो स्वच्छच होता.

“विसरलात,” ती पुन्हा म्हणाली. तिने हे विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मग ती पाकिटं रचू लागली, जरा जास्तच आवाज करत.

कानवाले उठले, डबी घेतली आणि चपला न घालताच बाहेर पडले. दादा रस्त्याच्या पार टोकाला, बसथांब्याजवळ पोचले होते. “दादा,” कानवाल्यांनी हाक मारली. ग्रंथालयात पुस्तक मागतात त्या आवाजात. दोन पावलांवरचा फळवालाही वळला नाही. बस वळणावर दिसली. कानवाले पळू लागले, धाप लागली, पाऊल खड्ड्यात गेलं, आणि मग त्यांच्या हातून तो प्रकार घडला. त्यांनी भर रस्त्यात, दुपारी साडेबारा वाजता, मान मागे टाकून आरोळी ठोकली. “दादाऽऽऽ!” ती इतका वेळ टिकली की मधेच त्यांना स्वतःचीच भीती वाटली. फळवाल्याच्या हातातून सफरचंद पडलं. समोरच्या शिंप्याने मशीन थांबवलं. वरच्या मजल्यावर एक तान्हं मूल जागं होऊन रडू लागलं.

दादा वळले.

“तुम्ही ओरडलात?” कानवाले जवळ पोचताच त्यांनी विचारलं. कानात यंत्र नव्हतं. “चक्क ऐकू आलं मला. आवाजात दम आहे हो तुमच्या.”

दुकानात परत येऊन कानवाल्यांनी यंत्रं तारेने कॉम्प्युटरला जोडली आणि ती एक खूण केली. चार सेकंदांचं काम. मान खाली घालूनच त्यांनी सांगून टाकलं, की हे सोमवारीच करता आलं असतं. आणि जीभ सुटलीच होती म्हणून कापसाचंही सांगितलं, मफलरासकट.

“तीस वर्षं!” बायको म्हणाली. “दादा, तू बहिरा आणि हे बोळेवाले. आणि माझी जेवणं तुमच्या भांडणात थंड झाली!”

दादांनी गाणं लावलं. वाद्यं थांबली. आरोळी उठली आणि या वेळी कुणी ती गिळली नाही. दादांचे डोळे मिटले होते. दहा सेकंद. पंधरा. कानवाल्यांनी पहिल्यांदाच ती बोळ्यांवाचून आणि यंत्राचा विचार न करता ऐकली. अठराव्या सेकंदाला त्यांच्या लक्षात आलं की आपण श्वास घेतलेला नाही, आणि त्यांना स्वतःचा राग आला.

बावीस. टेप खरखरला आणि थांबला. दादांनी डोळे उघडले.

“सूर उतरतोय हो त्याचा,” ते म्हणाले. “दहाव्या सेकंदापासून. चांगलाच उतरतोय. तुम्ही मला कधी सांगितलं नाही?”

“तीस वर्षं सांगतोय!”

“शेवटची सहा ऐकूच आली नाहीत. त्याआधीची ऐकली नाहीत.” दादा हसायला गेले, पण हसू ओठांपर्यंत येऊन थांबलं. त्यांचा हात नकळत कानाकडे गेला.

हीच वेळ होती. समोर खुद्द दादा कबूल करत होते, आणि कानवाल्यांकडे ते दोन नवे मुद्दे कोरे करकरीत पडून होते. त्यांनी तोंड उघडलं.

“बावीस सेकंदांत कुणाचाही उतरेल,” ते म्हणाले. “बसथांब्यापर्यंत माझा काय झाला, ऐकलंत ना? आणि उतरला तरी सोडत नाही तो. चांगल्या चांगल्या गवयांनी दहाव्यालाच सोडून दिला असता आणि वर टाळ्या घेतल्या असत्या.”

“उगाच बाजू घेऊ नका. बेसूर तो बेसूर.”

“तुम्हाला काय कळतंय? तुम्ही आज पहिल्यांदा ऐकताय.”

“आणि तुम्ही?”

“मीही आजच. पण मी काळजीपूर्वक ऐकलं.”

“पंधरावा सेकंद पुन्हा लावतो. ऐका नीट, मग बोला!”

काउंटरवर बायकोने कपाळाला हात लावला. पाचव्यांदा टेप मागे फिरवून झाल्यावर दादांनी तिकिटं उचलली आणि त्यातलं एक कानवाल्यांच्या खिशात खोचलं.

“शनिवारी सात वाजता. कापूस घरी ठेवायचा. स्पीकरपाशी उभे राहू.”

“स्पीकरपाशी? दादा, अहो, माझे कान जातील!”

“जाऊ देत की,” दादा म्हणाले. “दुकान घरचंच आहे.”