जानोशात थांबलेली मेल

कमलाकांतांनी ‘जी’ची कळ दाबली. काळ्या पडद्याच्या तळाशी टपाल येत असल्याची ओळ उमटली, आणि त्याच क्षणी लाईन गेली.

कूलरचं पातं दोन गिरक्या घेऊन थांबलं. हिरवी अक्षरं विझली. यूपीएसची बॅटरी दिवाळीतच संपली होती. नवी आणू, आणू म्हणता मे उजाडला. जठारपेठेतल्या त्या खोलीत दुपार एकदम अंगावर आली.

तेवढ्यात अमरावतीहून नातीचा फोन.

“आबा, माझं वेटिंग क्लिअर झालं!” जुईली हसत होती की रडत होती, कळेना. “बेंगळुरूच्या संस्थेचा मेसेज आलाय. मेलमध्ये एक क्रमांक पाठवलाय म्हणतात. तो टाकून पाचच्या आत होकार कळवायचा, नाहीतर जागा पुढच्या मुलीला.”

“मग कळव की, बाई.”

“क्रमांक कुठाय? तुमची पेटी फोनवर उघडली, तर रिकामी! आबा, तुम्ही आत्ता मेल ओढली का?”

कमलाकांतांनी भिंतीवर पाहिलं. तीन चाळीस.

ओढली होती. गणिताचे हे निवृत्त मास्तर गेली पंचवीस वर्षं सगळं एकाच टेक्स्ट एडिटरमध्ये करत. गणितं तिथंच, किराण्याची यादी तिथंच, आणि टपालही तिथंच. एक कळ दाबली की एडिटर दूरच्या सर्व्हरवर जायचा, पेटीत असेल नसेल ते उचलून घरच्या फायलीत आणायचा आणि तिकडची पेटी झाडूनपुसून ठेवायचा. मुलगी चारुता शंभरदा म्हणाली होती, “आबा, एक प्रत तिकडं राहू द्या हो.” यांचं उत्तर ठरलेलं, “पोस्टमननं पत्र हातात दिल्यावर पोस्टात काय उरतं?” नातीच्या अर्जावर स्वतःचा पत्ता घातला तोही यांनीच. तिच्या पत्त्यात ‘जुई चिमणी’ असं काहीतरी होतं. “संशोधन संस्था चिमणीला पत्र लिहील का?” म्हणून पोट धरून हसले होते.

“संस्थेला फोन लाव,” आता ते म्हणाले.

“केव्हाची लावतेय. कोणी उचलत नाही. आईपण तिच्या फोनवरून लावून राहिली. आबा, ती मेल तुमच्याकडे आहे ना?”

“आहे.”

म्हणाले खरं, पण खात्री नव्हती. लाईन नेमकी कधी गेली? पत्र तिकडून सुटल्यावर, की इकडं टेकल्यावर? मधल्यामध्ये गेली असेल, तर पोरीची दोन वर्षांची मेहनत वाऱ्यावर गेली, आणि तीही आपल्या बोटानं.

गल्लीच्या तोंडाशी डीपीतून धूर निघत होता. खांबाखालचा वायरमन चंदन वर न बघताच म्हणाला, “सहाच्या आधी नाव काढू नका, सर.”

चौकात गंगूबाईचं फुलांचं दुकान. तिथं इन्व्हर्टर होता. डोक्यावर पंचा टाकून कमलाकांत तिथवर पोचले, तेव्हा श्वास छातीत मावत नव्हता. ओल्या गोणपाटाखाली शेवंती निजली होती, कूलरसमोर गुलाब, आणि गंगूबाई हार गुंफत बसली होती.

“अजी सर, लाईन गेली त घरी बसा ना! उन्हात काहून फिरून राहिले?”

“गंगूबाई, तुमचा इन्व्हर्टर पाहिजे. कॉम्प्युटर लावायचाय.”

“कूलर वढून राहिला तो दुपारपासून. दोन्ही नाही चालनार, बाप्पा. आन संध्याकाळी दोन मांडवाचे हार हायेत.” तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. “कोनाचं काम हाय?”

“नातीचं. पाचच्या आत.”

गंगूबाईनं कूलर बंद केला. “मंग उभे काहून? चला.”

सरांच्या घरी येऊन मॉनिटर तिनं चादरीत गुंडाळला, पदराची चुंबळ केली आणि फुलांची पाटी घ्यावी तसा डोक्यावर घेतला. मागून कमलाकांत, पोटाशी कॉम्प्युटरचा डबा धरून, काखेत कीबोर्ड. डांबर चपलांना धरून ठेवत होतं. रस्त्यात मंजुषा वकिलीण छत्रीखालून ओरडली, “सर, घर बदलून राहिले का?” दोघं चालतच राहिले.

वायरी जोडून यंत्र सुरू होईपर्यंत चार बेचाळीस झाले. जुईलीला फोन लावून त्यांनी एडिटर उघडला. टपालाच्या फायलीत शेवटचं पत्र कालचं. आजचं काहीच नाही.

“दिसते का?” गंगूबाईनं विचारलं.

“नाही.”

“तिकडूनबी गेलं, इकडंबी नाही. मंग गेलं कुठी?”

शिकवायची सवय अशा वेळीही उपयोगी पडली. बोलता बोलता त्यांचं त्यांनाच उलगडत गेलं. “हा दुरून आणलेलं पत्र एकदम मोठ्या फायलीत घालत नाही. आधी एका मधल्या फायलीत उतरवतो. ते नीट उतरलं, की मगच तिकडचं पुसतो. मोठ्या फायलीत घ्यायचं काम त्यानंतरचं.”

“म्हंजे वरात जानोशात, मुक्कामाच्या घरी उतरली, मांडवात यायची हाय. असंच ना?”

“अगदी तसंच. तिकडची पेटी रिकामी झाली, म्हणजे वरात जानोशात पोचली असली पाहिजे.”

“असली पाहिजे?”

“असली पाहिजे,” ते पुन्हा म्हणाले. जुईली फोनवर ऐकत होती.

त्यांनी ‘जी’ दाबलं. दुकानात इंटरनेट नव्हतं, दूरचा सर्व्हर आता सात समुद्रांपार होता. पडदा क्षणभर गप्प राहिला. मग तळाची ओळ हलली, मधली फाईल सापडली होती, आणि एक नवीन पत्र पानावर उतरलं. वर बेंगळुरूच्या संस्थेचं नाव, खाली जुईलीचं.

“आहे!” कमलाकांतांचा आवाज फाटला. “लिही, लिही लवकर.”

इन्व्हर्टर किंचाळायला लागला.

“दम तुटून राहिला त्याचा, सर. वाचा!”

पाढे म्हणून घ्यावेत तसे त्यांनी तीन-तीन आकडे सांगितले. चार, दोन, सात. नऊ, शून्य, सहा. पाच, पाच, दोन. तीन, एक, सात. शेवटच्या सातावर पडदा काळा झाला.

“परत म्हण.”

जुईलीनं म्हटलं, “…पाच, पाच, दोन. तीन, सात, एक.”

“तीन, एक, सात.”

“आबा, मी सात-एक लिहिलंय. नीट बघून सांगा ना.”

“बघू कशात? पडदा गेला.”

पलीकडे चारुता म्हणत होती, “चार एक्कावन्न झाले, जुई.” कमलाकांतांनी डोळे मिटले. वय चौऱ्याहत्तर. परवा दुधवाल्याचं नाव आठवलं नव्हतं. आपण धरलेलं खरं की पोरीनं ऐकलेलं?

“तीनशे सतरा,” ते हळूच म्हणाले. “मूळ संख्या. वाचतानाच मनात आलं होतं, की हिला कशानंच भाग जात नाही. तीनशे एकाहत्तरला तर सातानं जातो. बाई, तीनशे सतराच आहे. टाक.”

“नक्की, आबा?”

“टाक.”

कळांची टिकटिक झाली. “पाठवलं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

कडेचे गुलाब माना टाकू लागले होते. गंगूबाईनं बादली पुढं ओढली, एक पितळी तांब्या स्वतः घेतला, दुसरा त्यांच्या हातात दिला. कमलाकांत बोटांनी शेवंतीवर पाणी शिंपडत राहिले.

फोन वाजला तेव्हा ओल्या बोटांनी तो उचलेना. गंगूबाईनंच बोट फिरवून त्यांच्या कानाला लावला.

“आबा, उत्तर आलं! प्रवेश निश्चित, लिहिलंय, प्रवेश निश्चित!” आणि मग नुसतं रडणं. तिच्या हातून फोन चारुतानं घेतला. “आबा, तुम्ही चव्वेचाळीस डिग्रीत ते मशीन उचलून नेलंत? काही झालं असतं म्हणजे?”

कमलाकांत तसेच उभे राहिले, तांब्यातलं पाणी पायावर सांडत.

“काय म्हनते पोरगी?” गंगूबाईनं विचारलं.

“मांडवात आली.”

“आली ना? मंग हात काहून थांबवला, सर? गुलाब राहिले ना अजून.”